पाथरवटाने घडवलेले ड्रुइड

२१ जून १७९२. लंडनच्या उत्तरेला प्रिमरोज हिल नावाची एक गवताळ टेकडी आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी लंडनमध्ये राहणारे काही वेल्श लोक तिथे जमले. त्यांनी दगडांचे रिंगण मांडले, मधल्या मोठ्या दगडावर नंगी तलवार ठेवली आणि शांततेची खूण म्हणून सगळ्यांनी मिळून ती म्यान केली. या सोहळ्याला त्यांनी नाव दिले ‘गोर्सेद’, म्हणजे कवींची सभा. सूत्रधार होता ४५ वर्षांचा एक पाथरवट. त्याचे नाव एडवर्ड विल्यम्स, पण तो स्वतःला म्हणवून घेई योलो मोर्गानुग, ग्लॅमॉर्गनचा योलो.

योलोचा दावा मोठा होता. रोमन येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये ड्रुइड नावाचे ज्ञानी पुरोहित होते. त्यांची विद्या वेल्सच्या ग्लॅमॉर्गन परगण्यातल्या कवींनी गुरुशिष्यपरंपरेने अखंड जपली. आता तिचे दोनच वारस उरले आहेत, एक अ‍ॅबरडेअरचा वृद्ध कवी एडवर्ड एव्हन आणि दुसरा तो स्वतः. टेकडीवर चाललेले विधी त्याच परंपरेतले, हजारो वर्षांपूर्वीचे आहेत, असे त्याने सांगितले आणि जमलेल्यांनी ते मानले.

ते विधी योलोने स्वतः रचले होते. परंपरा, तिची लिपी, तिची प्रार्थना, तिचे तत्त्वज्ञान, सगळे त्याच्या डोक्यातून आणि त्याच्या लेखणीतून उतरले होते. आज ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात स्वतःला ड्रुइड म्हणवणारी माणसे दगडांच्या रिंगणात उभी राहून जे म्हणतात आणि करतात, त्याचा फार मोठा भाग या एका माणसाकडून आलेला आहे. म्हणून आधुनिक ड्रुइडांविषयी काहीही वाचताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवतो: ही गोष्ट पहिल्यांदा कोणत्या सालच्या कागदावर दिसते? या प्रश्नाने कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. पण कोणती गोष्ट कोणाची, हे मात्र कळते, आणि ज्याचे श्रेय त्याला मिळते.

आधी खऱ्या ड्रुइडांकडे जाऊ. त्यांनी स्वतः लिहिलेली एकही ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही. आपल्याला जे माहीत आहे ते परक्यांनी लिहिलेले, आणि त्यांतले बरेचसे शत्रूंनी. ज्युलियस सीझर इसवी सनपूर्व ५८ पासून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लढत होता. आपल्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या भागात तो सांगतो की ड्रुइड हे यज्ञयाग पाहतात, तंटे सोडवतात, त्यांना युद्ध आणि कर माफ असतात. त्यांच्या शिष्यांपैकी काही जण २० वर्षे अध्ययन करतात आणि सगळे मुखोद्गत ठेवतात, कारण विद्या लिहून ठेवणे त्यांना मान्य नाही. आत्मा मरत नाही, तो एका देहातून दुसऱ्या देहात जातो, असे ते शिकवतात. वेताच्या प्रचंड पुतळ्यांत जिवंत माणसे भरून जाळण्याची गोष्टही सीझरचीच आहे. ज्या लोकांचा मुलूख जिंकायचा आहे त्यांच्याविषयी जिंकणारा काय लिहील, हे लक्षात ठेवूनच ती वाचायला हवी.

नावानिशी ज्याच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असा ड्रुइड जवळजवळ एकच आहे: एदुई जमातीचा दिविशियाकस. रोमन वक्ता सिसेरो त्याला रोममध्ये भेटला होता आणि तो ड्रुइड असल्याचे त्याने लिहून ठेवले. सीझरची आणि दिविशियाकसची तर वर्षानुवर्षांची ओळख होती, दोघे एका छावणीत राहिले होते. तरीही सीझर त्याला एकदाही ड्रुइड म्हणत नाही. तो त्याला मुत्सद्दी म्हणूनच रंगवतो. एका माणसाबद्दल दोन समकालीन साक्षीदार इतके वेगळे लिहीत असतील, तर संपूर्ण वर्गाबद्दल आपण किती ठामपणे बोलावे?

पांढरा झगा, सोन्याचा विळा आणि ओकच्या झाडावरचे बांडगूळ, हे जे चित्र सगळ्यांच्या मनात आहे, अ‍ॅस्टेरिक्सच्या चित्रकथांतल्या म्हाताऱ्या ड्रुइडामुळे आपल्याकडच्या मुलांच्याही मनात आहे, ते रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या एका उताऱ्यातून आले. चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित ओकवर चढतो, सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापतो, खाली पांढऱ्या कापडात ते झेलतात आणि दोन पांढऱ्या बैलांचा बळी देतात. इतकेच. एका लेखकाचा एक उतारा, आणि तोही गॉलमधल्या एका विधीविषयी. सोने मऊ असते, त्याने फांदी कापली जाणार नाही, हे कोणीही सोनार सांगेल. विळ्याला सोन्याचा मुलामा असेल, किंवा प्लिनीला ही माहिती ऐकीव मिळाली असेल.

ब्रिटनमधल्या ड्रुइडांचे दर्शन रोमन लेखक टॅसिटसच्या इतिहासात क्षणभर घडते. इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस वेल्सच्या वायव्येकडच्या मोना बेटावर, म्हणजे अँगलसीवर, चालून गेला. पलीकडच्या किनाऱ्यावर काळ्या वस्त्रांतल्या, केस मोकळे सोडलेल्या बायका मशाली घेऊन धावत होत्या आणि ड्रुइड आकाशाकडे हात करून शाप देत होते. सैनिक आधी थिजले, मग तुटून पडले. बेटावरची देवराई तोडण्यात आली. त्यानंतर ब्रिटनमधले ड्रुइड रोमन कागदांतून जवळजवळ नाहीसे होतात.

याच अँगलसीवर १९४२-४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, विमानतळासाठी तळ्यातला चिखल उपसताना एक लोखंडी साखळी निघाली. कामगारांनी ती चिखलात रुतलेल्या लॉऱ्या ओढायला वापरली आणि ती तुटली नाही. नंतर कळले की ती दोन हजार वर्षांपूर्वीची, गुलामांच्या गळ्यांत अडकवायची साखळी होती. लिन केरिग बाख नावाच्या त्या तळ्यातून तलवारी, भाले, रथांचे भाग अशा दीडशेवर वस्तू निघाल्या. लोकांनी त्या पाण्यात देवाला अर्पण केल्या असाव्यात, इथपर्यंत पुरावा नेतो. अर्पण करणारे ड्रुइड होते का, याबद्दल तो मुका आहे. १९८४ साली चेशरमधल्या लिंडो मॉस इथल्या दलदलीत सापडलेल्या माणसाचेही तसेच. डोक्यावर घाव, गळ्याला फास, गळा चिरलेला, आणि पोटातल्या शेवटच्या घासात बांडगुळाचे चार परागकण. त्यांवरून ‘ड्रुइड राजपुत्राचा बळी’ असे पुस्तक निघाले. पण परागकण वाऱ्याने किंवा पाण्यातूनही पोटात जातात, आणि चारांवर धर्मकांड उभे करणे धाडसाचे आहे.

त्या मानाने एक ब्राँझचा पत्रा मला फार मोलाचा वाटतो. १८९७ मध्ये फ्रान्समधल्या कोलिन्यी गावाजवळ तो तुकड्यातुकड्यांत सापडला. गॉलच्या भाषेत, रोमन अक्षरांत कोरलेले पाच वर्षांचे पंचांग! महिने चांद्र, आणि सूर्याशी मेळ राखायला पाच वर्षांत दोन अधिक महिने, एकूण ६२. आपल्या वेदांग ज्योतिषातले युगही पाच वर्षांचे, दोन अधिक मासांचे, ६२ चांद्र महिन्यांचे आहे. दोन्हीकडे चंद्रसूर्य तेच, म्हणून गणितही तेच निघाले. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मानायला आधार नाही. सीझर म्हणतो की ड्रुइड ग्रहताऱ्यांची आणि त्यांच्या गतींची चर्चा करत. या पत्र्यात त्या विद्येचा माग लागत असावा.

मग स्टोनहेंज? ते काम सुरू झाले इसवी सनपूर्व ३००० च्या सुमारास आणि मोठे दगड उभे राहिले इसवी सनपूर्व २५०० च्या आसपास. ड्रुइडांचा सर्वांत जुना उल्लेख त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी येतो. दोघांची गाठ घातली ती सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने. ही शिळावर्तुळे रोमनांनी किंवा डेन लोकांनी बांधलेली नाहीत, ती मूळच्या ब्रिटनवासीयांची देवळे आहेत, असे तो म्हणाला, आणि त्या काळाच्या मानाने हे पुढचे पाऊल होते. मूळच्या लोकांचे पुरोहित म्हणून पुस्तकांत ड्रुइडच सापडत, म्हणून देवळे ड्रुइडांची. पुढे विल्यम स्टुकलीने १७१९ ते १७२४ दरम्यान स्टोनहेंजवर बारीक मोजमापे घेतली. मुख्य अक्ष उन्हाळी अयनाच्या सूर्योदयाकडे वळलेला आहे हे पहिल्यांदा त्याने पाहिले. पण मग तो धर्मोपदेशक झाला, आणि १७४० साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात ड्रुइड हे अब्राहमच्या धर्माचे, जवळजवळ ख्रिस्ती होऊ घातलेले तत्त्वज्ञ बनले होते. मोजमापे अस्सल, निष्कर्ष मनाचे. त्याच्या मोजमापांवर पुरातत्त्व उभे राहिले आणि निष्कर्षांवर एक पंथ.

शिळावर्तुळे ड्रुइडांची, हा समज दख्खनपर्यंत पोचला. ‘ठगाची जबानी’ लिहिणाऱ्या कर्नल मेडोज टेलरने शोरापूरकडच्या महापाषाणी थडग्यांवर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच दख्खनमधली ‘केल्टिक, ड्रुइडिक किंवा सिथियन’ स्मारके असे शब्द आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे पाहून ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनाही ब्रिटनमधल्या दगडांची आठवण झाली. विदर्भातली ही वर्तुळे लोहयुगातल्या इथल्याच लोकांची दफने आहेत, त्यांत घोड्यांची हाडे आणि लोखंडी अवजारे निघतात, हे पुढच्या उत्खननांनी दाखवले. उलट दिशेचा प्रवासही आपल्याकडे झाला: पु. ना. ओकांनी ड्रुइड म्हणजे द्रविड आणि ब्रिटन मूळचे वैदिक असे मांडले, आणि मराठी घरांत ते आवडीने वाचले गेले. टेलरचा तर्क त्या काळच्या अपुऱ्या ज्ञानातून आला होता. ओकांच्या वेळी मात्र उत्खननांचे अहवाल छापून तयार होते. ते बाजूला ठेवायला कारण नव्हते.

आता योलोकडे परत येऊ, कारण या सगळ्या कथेचा जीव त्याच्यात आहे. १७४७ साली ग्लॅमॉर्गनमध्ये जन्मलेला हा मुलगा शाळेत गेला नाही. वाचायला त्याला आईने शिकवले. ती चांगल्या घरातली, शिकलेली बाई होती. बापाबरोबर तो दगड घडवू लागला, थडग्यांवर अक्षरे कोरू लागला. गावोगावच्या जुन्या कवींकडून वेल्श छंदशास्त्र शिकला. दम्यामुळे त्याला रात्री आडवे होता येत नसे, म्हणून तो खुर्चीत झोपे. खोकल्यावर घेतलेले लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, त्याला आयुष्यभर सुटला नाही. घोड्यावर तो बसत नसे. शेकडो मैल पायी हिंडून वेल्समधल्या वाड्यांतली, शेतघरांतली हस्तलिखिते त्याने उतरवून घेतली. कर्जापायी १७८६-८७ मध्ये कार्डिफच्या तुरुंगात पडला आणि तिथेही लिहीत राहिला.

जुन्या वेल्श हस्तलिखितांचे त्याच्याइतके ज्ञान त्या काळात क्वचितच कोणाला होते. त्यामुळेच त्याची बनावट पकडणे अवघड झाले. १७८९ मध्ये लंडनच्या वेल्श मंडळींनी चौदाव्या शतकातल्या दाविद अप ग्विलिम या महाकवीच्या कविता पहिल्यांदा छापल्या. योलोने ग्लॅमॉर्गनमध्ये ‘सापडलेल्या’ आणखी कविता पाठवल्या, त्या पुरवणीत गेल्या. त्यांतल्या बहुतेक त्याच्याच होत्या. त्या इतक्या सरस होत्या की पुढची शंभरावर वर्षे रसिक त्या दाविदच्या उत्तम कवितांत मोजत. या माणसाने स्वतःच्या नावावर त्या छापल्या असत्या, तर आज वेल्श साहित्याच्या इतिहासात तो मोठा कवी म्हणून निर्विवाद बसला असता. ती जागा त्याने आपल्या हाताने दाविदला देऊन टाकली, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

त्याने असे का केले? त्याच्या काळात वेल्श भाषा इंग्रजांच्या लेखी गावंढळ होती. वेल्समध्येही उत्तरेचे विद्वान ग्लॅमॉर्गनला हिणवत: तुमच्याकडे ना शुद्ध भाषा, ना परंपरा. योलोने आपल्या परगण्याला सर्वांत जुनी परंपरा मिळवून दिली. ती त्याने फार कौशल्याने रचली: खऱ्या नकलकारांची नावे, खऱ्या वाड्यांतली ग्रंथालये, खरी जुनी शब्दकळा, आणि मधोमध स्वतःचा मजकूर. सोळाव्या शतकातल्या ल्लेवेलिन शॉन या खरोखरच्या लेखनिकाच्या नावावर त्याने ड्रुइडांचे अख्खे तत्त्वज्ञान चढवले. त्यात आत्मा सर्वांत खालच्या थरातून जन्मामागून जन्म घेत प्रकाशाच्या वर्तुळापर्यंत चढतो. या कल्पनेमागे सीझरचे एक वाक्य होते आणि योलोचा स्वतःचा युनिटेरियन पंथ होता. शिवाय सर विल्यम जोन्स कलकत्त्याहून जे लिहीत होते, त्यातून हिंदूंचा पुनर्जन्म लंडनच्या वाचकांत चर्चेला आला होता. ‘कोइलब्रेन’ नावाची ड्रुइडांची लिपी त्याने काढली, लाकडी पट्ट्यांवर कोरायची, सगळ्या रेषा सरळ आणि कोनदार. छिन्नी धरणाऱ्या हाताला जी अक्षरे सोपी जातील तीच. तीन किरणांची खूण त्याची. कवी म्हणजे बार्ड निळ्यात, ओव्हेट नावाचा दुसरा दर्जा हिरव्यात, ड्रुइड पांढऱ्यात, ही वस्त्रांची विभागणी त्याची. आणि गोर्सेदचे ब्रीदही त्याचेच: जगाविरुद्ध सत्य.

ज्या माणसाने इतके खोटे लिहिले तो इतर बाबतींत विलक्षण सरळ होता, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. त्याचे भाऊ जमैकात गुलामांच्या जिवावर श्रीमंत झाले होते; योलोने त्यांचा पैसा नाकारला आणि गरिबीत राहिला. काउब्रिजला दुकान टाकले तेव्हा गुलामांच्या रक्ताने न डागाळलेली, हिंदुस्थानातून आलेली साखर इथे मिळते अशी जाहिरात त्याने केली. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो पाठीराखा होता. प्रिमरोज हिलवर तलवार म्यान करण्यामागे युद्धाविरुद्धची खरी तळमळ होती, आणि सरकारच्या नजरेत तो सोहळा संशयास्पद ठरला तो त्यामुळेच. १७९४ मध्ये निघालेल्या त्याच्या इंग्रजी कवितांच्या वर्गणीदारांत जॉर्ज वॉशिंग्टन आणि इंग्लंडचा युवराज एका यादीत होते.

पण खोट्याची किंमत कोणी ना कोणी मोजतोच. बाराव्या शतकात मॅडोक नावाचा वेल्श राजपुत्र अमेरिकेला पोचला आणि तिथे अजून वेल्श बोलणारे आदिवासी आहेत, ही दंतकथा त्या काळी जोरात होती. योलोने तिला ‘पुरावे’ पुरवले, स्वतः जाणार असे जाहीर केले, सरावासाठी उघड्यावर झोपला, आणि शेवटी गेला नाही. गेला तो वॉनव्हाउर गावचा जॉन एव्हन्स, २२ वर्षांचा मुलगा. १७९२ मध्ये तो निघाला. सेंट लुईसला स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला तुरुंगात टाकले. सुटल्यावर तो मिसूरी नदीने शेकडो मैल वर गेला आणि १७९६-९७ चा हिवाळा त्याने मँडन या आदिवासी लोकांत काढला. परतल्यावर त्याने प्रामाणिकपणे कळवले की वेल्श आदिवासी नाहीत. १७९९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये तो वारला. तिशीही ओलांडली नव्हती. त्याने काढलेला नदीचा नकाशा पुढे त्याच नदीने पश्चिमेकडे गेलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला उपयोगी पडला. जे नव्हते ते शोधायला गेलेल्या मुलाने, जे होते त्याचा नकाशा मागे ठेवला.

१८१९ मध्ये कार्मार्थन गावी आइस्तेद्वोद, म्हणजे वेल्श कवींचा स्पर्धामेळा, भरला. आयव्ही बुश खानावळीच्या बागेत बहात्तर वर्षांच्या योलोने आपले दगडांचे रिंगण मांडले आणि कवींच्या दंडांवर रंगीत फिती बांधल्या. आइस्तेद्वोद खरोखर जुनी, मध्ययुगापासूनची. गोर्सेद २७ वर्षांची. दोन्ही त्या दिवशी एकमेकींत मिसळल्या आणि पुन्हा सुट्या झाल्या नाहीत. १८२६ च्या डिसेंबरात योलो गेला. मुलगा तालिएसिन मर्थर टिडव्हिलमध्ये शिक्षक होता. बापाच्या शब्दावर त्याचा पूर्ण विश्वास होता, आणि त्याने कागदांची पेटारी उघडून पुस्तके काढायला सुरुवात केली. नंतर जॉन विल्यम्स अब इथेल या पाद्र्याने त्याच कागदांतून १८६२ मध्ये ‘बार्दास’ छापले, आणि योलोच्या ड्रुइडांना धर्मग्रंथ मिळाला.

या अब इथेलने १८५८ मध्ये लँगॉलेन इथे भव्य आइस्तेद्वोद भरवली. एक बक्षीस होते मॅडोकच्या अमेरिकाशोधावरच्या उत्तम निबंधाला. मर्थरचे औषधविक्रेते टॉमस स्टीफन्स यांनी सगळी साधने तपासून निबंध लिहिला, की हा शोध लागलाच नाही. आयोजकांनी बक्षीस नाकारले: विषय शोधाचा आहे, शोध न लागण्याचा नाही! स्टीफन्स जाब विचारायला व्यासपीठावर चढले तेव्हा त्यांचा आवाज दाबायला बँड वाजवण्याचा हुकूम झाला. श्रोत्यांनी मात्र गलका केला आणि त्यांना बोलू द्यायला लावले. दिवसभर औषधे विकून रात्री हस्तलिखिते वाचणाऱ्या या माणसाने १८७२ मध्ये कोइलब्रेन लिपीही आधुनिक बनावट असल्याचे मांडले. ड्रुइडांच्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो यांचा. ते वेल्श होते, वेल्सवर त्यांचे प्रेम होते, आणि त्या प्रेमापायी खोटे सहन करायला त्यांनी नकार दिला.

योलोच्या कल्पनेतून एक गोष्ट मात्र अशी निघाली की तिने ब्रिटनचा कायदा बदलला. लँट्रिसंटचे डॉक्टर विल्यम प्राइस कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीतले. डोक्यावर कोल्ह्याचे कातडे घालून पाँटिप्रिडच्या झुलत्या शिळेपाशी ड्रुइडांचे विधी करत. १८८४ च्या जानेवारीत, ८३ वर्षांचे असताना, त्यांनी आपल्या पाच महिन्यांच्या मुलाच्या प्रेताचे डोंगरावर दहन सुरू केले. लोक चवताळले, पोलिसांनी पकडले. कार्डिफला खटला न्यायमूर्ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्यापुढे चालला. हे तेच स्टीफन, ज्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळात कायदामंत्री असताना हिंदुस्थानचा १८७२ चा पुराव्याचा कायदा तयार केला. उपद्रव होत नसेल तर दहन हा इंग्लंडच्या कायद्यात गुन्हा नाही, असा निर्णय त्यांनी दिला. अखेर १९०२ मध्ये दहनाचा कायदा झाला. युरोपात तोवर ही गोष्ट किती अनोळखी होती याची आठवण कोल्हापूरकरांना असेल: छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले, आणि आर्नो नदीकाठी त्यांना अग्नी द्यायला तिथल्या अधिकाऱ्यांची खास परवानगी घ्यावी लागली. प्राइस यांचा ड्रुइडधर्म जुना नव्हता, पण त्यामुळे मिळालेला हक्क खरा आहे.

ड्रुइड नावाच्या इतर मंडळांबद्दल थोडक्यात. १७८१ मध्ये लंडनच्या पोलंड स्ट्रीटवरच्या एका खानावळीत ‘एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स’ निघाली. ती मित्रमंडळाची, एकमेकांना अडीअडचणीला मदत करणारी संस्था होती. तरुण विन्स्टन चर्चिल १९०८ मध्ये तिचे सभासद झाले. १७१७ साली जॉन टोलंडने ड्रुइडांचा पंथ स्थापला, ही हकीकत अनेक पुस्तकांत येते. तिला त्या काळचा पुरावा नाही. फ्रीमेसनांच्या मुख्य लॉजचे स्थापनावर्षही १७१७ च आहे, त्यावरून ती बेतलेली दिसते. तो पंथ कागदावर खरा दिसू लागतो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जॉर्ज वॉटसन मॅग्रेगर रीड स्टोनहेंजवर अयनाचे विधी करू लागले तेव्हापासून.

वेल्समध्ये अभ्यासक जॉन मॉरिस-जोन्स यांनी १८९६ मध्येच लिहिले की गोर्सेद योलोच्या काळापलीकडे जात नाही. ऐकणारे थोडे होते. चित्रकार ह्युबर्ट फॉन हर्कोमर यांनी गोर्सेदसाठी नवे भरजरी झगे आणि मुकुट आखून दिले, आणि सोहळ्याचा थाट आणखी वाढला. मग आले १९१७. सप्टेंबरात बर्कनहेडला आइस्तेद्वोद भरली. दीर्घकवितेच्या खुर्चीचा मान ज्याला मिळाला त्या कवीचे टोपणनाव मुख्य ड्रुइडांनी पुकारले. तीनदा पुकारले. कोणी उभे राहिले नाही. कवी होता हेद विन, ट्रॉस्व्हिनिडचा शेतकरी आणि मेंढपाळ, खरे नाव एलिस हम्फ्री एव्हन्स. ३१ जुलैला बेल्जियमच्या रणांगणात तो पडला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे वस्त्र घालण्यात आले. ती खुर्ची घडवली होती बेल्जियमहूनच आलेल्या एका निर्वासिताने. त्या दिवशी सभामंडपात रडणाऱ्या हजारो लोकांना गोर्सेद १२५ वर्षांची आहे की दोन हजार, याचे काही नव्हते. त्या दुःखाला त्याच सोहळ्याने आकार दिला.

नऊच वर्षांनी, १९२६ मध्ये, ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी आपल्या ग्रंथात शब्द, छंद आणि व्याकरण तपासून दाखवले की दाविदच्या पुरवणीतल्या कविता योलोच्या आहेत. त्यांनी उरलेले आयुष्य योलोच्या कागदांना दिले. त्या अभ्यासातून योलोबद्दलचा तिरस्कार उगवला नाही. उलट तो केवढा प्रतिभावंत होता हे पहिल्यांदा नीट कळले.

आज धर्म म्हणून पाळला जाणारा ड्रुइडमार्ग याहूनही तरुण आहे. वर्षाचे आठ सण, अयन आणि संपातांचे चार व मधले चार, ही मांडणी विसाव्या शतकाच्या मध्याला रॉस निकल्स आणि विक्का पंथाचे जेराल्ड गार्डनर या मित्रांच्या वर्तुळात रूढ झाली. झाडांचे तेरा महिन्यांचे ‘केल्टिक पंचांग’ रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने १९४८ च्या पुस्तकात मांडले. कोलिन्यीच्या पत्र्याशी त्याचा संबंध नाही. निकल्स यांनी १९६४ मध्ये बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड यांचा स्वतंत्र संघ काढला. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेत, मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात, रविवारच्या सक्तीच्या उपासनेचा निषेध म्हणून काही विद्यार्थ्यांनी आपण ड्रुइड असल्याचे जाहीर केले. १९६४ मध्ये सक्ती उठली. निषेधाचे कारण संपले, पण टेकडीवर जमणे त्यांनी थांबवले नाही. त्यांना त्यात काहीतरी गवसले होते. ही चळवळ आपल्या जन्माची खरी तारीख सांगते, आणि त्यामुळे तिचे काही बिघडलेले नाही.

२०१० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या धर्मादाय आयोगाने ‘ड्रुइड नेटवर्क’ या संस्थेला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. आयोगाने निसर्गपूजा, उपासना आणि आचारनियम तपासले. दरम्यान रोनाल्ड हटन या इतिहासकारांनी २००९ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात ड्रुइडांविषयीच्या कल्पना शतकागणिक कशा बदलल्या हे उलगडले, आणि त्यांचे वाचक म्हणून ड्रुइड मंडळीच पुढे आली. निकल्स यांच्या संघात अजून योलोची प्रार्थना म्हटली जाते, संरक्षणापासून सुरू होऊन न्यायाकडे आणि मग प्रेमाकडे जाणारी, आणि ती योलोची आहे हे तिथे लपवले जात नाही.

योलोचे कागद अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. वेल्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या शतकाच्या सुरुवातीला त्यांवर वर्षानुवर्षे काम केले, त्याची पत्रे तीन खंडांत छापली. त्या ढिगाऱ्यात ग्लॅमॉर्गनच्या गावकऱ्यांकडून ऐकून उतरवलेली लोकगीते निघाली, आणि काहींच्या चालीही. ती बनावट नाहीत. योलो नसता तर ती त्या गाणाऱ्यांबरोबरच संपली असती. पण ज्याने एवढे खोटे लिहिले त्याच्या हातचे म्हणून त्यांतले प्रत्येक गाणे आधी तपासावे लागते, इतर साधनांशी ताडून पाहावे लागते, आणि मगच ते त्या गावकऱ्यांच्या नावावर जमा होते.